यंत्र वाट बघत होतं

सिग्रुन टोफ्टे स्कारविकला पोचली आणि दुसऱ्या दिवसापासून फेरीबोटच बंद झाली. ऑक्टोबरात आमच्या किनाऱ्यावर हे असं होतंच. वारा नैर्ऋत्येकडे फिरला की फ्योर्डच्या, म्हणजे आमच्या लांबट खाडीच्या, तोंडाशी लाटा उभ्या राहतात आणि फेरीचा कप्तान घरी बसून पत्ते कुटतो. एका दिवसाच्या कामाला आलेली सिग्रुन त्यामुळे ओडमुंड आणि तुरिडच्या माळ्यावरच्या खोलीत अडकून पडली. आणि ज्या कामासाठी ती आली होती, ते काही तिच्या हाताला लागेना.

ओडमुंड आणि तुरिड ही नवराबायको सॅमनची पिल्लं वाढवतात. अंड्यातून निघाल्यापासून वीतभर होईपर्यंत मासे त्यांच्याकडे गोड्या पाण्याच्या टाक्यांत असतात, मग बोटी येऊन त्यांना समुद्रातल्या पिंजऱ्यांकडे घेऊन जातात. टाकीत मासे इतके दाटीने असतात की पाण्यात सतत ऑक्सिजन सोडावा लागतो. जुन्या हॉलमध्ये हे काम हाताने फिरवायच्या चाव्यांवर चालतं. नव्या हॉलमध्ये दोन मोठ्या टाक्या आहेत आणि तिथला कारभार एका लोखंडी पेटीकडे. पेटी पावाच्या लादीएवढी. तिला ना स्क्रीन, ना कीबोर्ड. मीटर पाण्यातला ऑक्सिजन मोजून वायरीवरून पेटीला कळवतो आणि पेटी विजेवरचे व्हॉल्व उघडते, मिटते. ज्यांनी हॉल बांधला त्यांनी त्या व्हॉल्वना हाताने फिरवायची मूठच ठेवली नव्हती. ओडमुंडने तेव्हा विचारलं होतं. ते म्हणाले, आता मूठ कुणी लावत नाही.

पेटी सिग्रुननेच बसवली होती. पन्नाशीची बाई, कमी बोलणारी, चष्मा कायम डोक्यावर सरकवलेला. आसपासच्या गावांतल्या शाळा, मासळीचे कारखाने, एक चर्च, सगळ्यांची यंत्रं ती एकटी सांभाळते. या पेटीत तिने युनिक्सच्या घराण्यातली एक साधी, भरवशाची प्रणाली घातली होती. दोन वर्षं पेटीने हूं की चूं केलं नाही. या उन्हाळ्यानंतर मात्र तिला खोड लागली. वीज जाऊन परत आली की पेटी काही परत यायची नाही. दिवा हिरवागार जळायचा, आत सगळी सामसूम.

सप्टेंबरात असं दोनदा झालं. तेव्हा नव्या हॉलमधले मासे बोटाएवढे होते आणि विरळ होते, त्यामुळे हवेचा पंप लावून दिवस काढता आला. दोन्ही वेळा सिग्रुन आली. मीटरची वायर काढून तिथे तिने आपल्या लॅपटॉपची वायर लावली, पेटी बंद करून चालू केली, आणि पेटी तिच्या डोळ्यांदेखत सुरळीत उठली.

"डॉक्टरच्या दारात पाय ठेवला की दात दुखायचा थांबतो ना, तसलं आहे हे," तुरिड म्हणाली होती.

आता मासे मोठे झाले होते, टाक्या भरल्या होत्या आणि वादळांचे दिवस आले होते. म्हणून या खेपेला सिग्रुन छडा लावायच्याच तयारीने आली. पहिल्या दोन दिवसांत तिने हवेचा पंप लावून पुनःपुन्हा पेटीचा प्लग उपटला, परत लावला आणि लॅपटॉपवर डोळे लावून बसली. दर वेळी सुरुवातीला अक्षरांचा थोडा चिवडा दिसायचा आणि मग स्वच्छ ओळी वाहू लागायच्या. चिवडा का, हे तिला ठाऊक होतं. यंत्र चालू झालं की सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो, बूट लोडर. तो या वायरीवर सावकाश बोलतो. मग तो मुख्य प्रणालीला उठवतो आणि ती भरभर बोलते. ऐकणाऱ्याचा वेग बोलणाऱ्याशी जुळला नाही की अक्षरांचं भजं होतं. सिग्रुनचा लॅपटॉप मुख्य प्रणालीच्या वेगावर लावलेला होता, म्हणून ती त्या चिवड्याकडे बघतही नव्हती.

"काय म्हणते?" ओडमुंड दारातून विचारायचा.

"ठणठणीत आहे म्हणते."

"मग आजारी पडते कधी?"

"मी नसताना."

ओडमुंड साठीचा, अंगाने थोराड. तो हसायचा नाही, पण त्याच्या दाढीत काहीतरी हलायचं. "मग तू इथेच राहा. तुरिडला सोबत होईल."

बॅकअपची बॅटरी त्यांनी मागवली होती. ती फेरीपलीकडच्या धक्क्यावर एका खोक्यात पडून होती.

गुरुवारी सकाळी तिघं स्वयंपाकघरात बसले होते. तुरिडने वाफल केले होते, वर तपकिरी चीज. खिडकीच्या काचेवर पाऊस आडवा आपटत होता. ओडमुंड रेडिओवर समुद्राचं हवामान ऐकत होता आणि एकदम रेडिओ बंद पडला.

"गेली," तुरिड म्हणाली.

शेडमधला जनरेटर खोकला, धरला, दिवे परत आले. तिघांनीही बूट चढवले.

नव्या हॉलमध्ये पेटीचा हिरवा दिवा जळत होता. व्हॉल्वमधून ऑक्सिजन सुटताना जी बारीक फुसफुस ऐकू येते, ती नव्हती. ओडमुंडचा हात प्लगकडे गेला.

"थांब," सिग्रुन म्हणाली. "हात लावू नकोस."

"अगं, मासे आत आहेत."

"बंद करून चालू केलं की ती परत शहाण्यासारखी वागेल आणि मला काही कळणार नाही. दहा मिनिटं दे मला."

ओडमुंडने पाण्याकडे बघितलं. मासे अजून खालीच फिरत होते. "पाच," तो म्हणाला. मग तुरिडला म्हणाला, "चल, पंप लावू. लहान होते तेव्हा पुरला होता, आता कितपत पुरतो बघू."

सिग्रुनने मीटरची वायर काढली, आपली लावली. या खेपेला पेटी बंद केली नाही. एंटर दाबलं. स्क्रीनवर चिवडा उमटला. परत दाबलं, परत चिवडा. आधी तिला वाटलं, वायर सैल आहे. तिने ती काढून फुंकली, परत लावली. तोच चिवडा. नुसतं बघत राहण्यात तिची दोन मिनिटं गेली. मग तिच्या लक्षात आलं, की चिवडा म्हणजे मुख्य प्रणाली उठलेलीच नाही. समोर बोलतोय तो बूट लोडर.

तिने लॅपटॉपचा वेग उतरवला आणि एंटर दाबलं. आता स्वच्छ अक्षरांत एकच शब्द आला, त्यापुढे एक बाण, आणि शेजारी लुकलुकणारा चौकोन.

"ओडमुंड," ती म्हणाली. "बंद नाही पडली ती. वाट बघतेय."

"कुणाची?"

"हुकमाची. चालू झाल्यावर हा भाग पाच सेकंद थांबतो. तेवढ्यात कुणी एखादी कळ दाबली, तर त्याला वाटतं माणूस आलाय, काहीतरी सांगायचंय. मग तो थांबून राहतो. कुणी काही सांगेपर्यंत थांबतो. दहा वर्षंसुद्धा."

"मग कळ कुणी दाबली? आपण तिघं तर वाफल खात होतो."

"तेच कळत नाही."

"पाच मिनिटं झाली," तुरिड पंपाजवळून म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "वर यायला लागलेत ते."

सिग्रुनने हुकूम टाइप केला. पेटीने तो मानला. तिने लॅपटॉपचा वेग परत चढवला, ओळी वाहू लागल्या आणि मध्येच थबकल्या. वीज अचानक गेली की प्रणाली उठताना आधी आपली डिस्क तपासते, कुठे अर्धवट लिहिलेलं राहिलंय का ते बघते. एरवी हे चटकन होतं. पण गेल्या दोन दिवसांत सिग्रुनने तिचा प्लग इतक्यांदा उपटला होता, की आत बराच घोळ साठला होता. एक एक ओळ येत होती, दुरुस्त केलं म्हणून सांगत होती आणि पुढची यायला वेळ लावत होती.

"किती वेळ?" ओडमुंडने विचारलं.

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"खरंच माहीत नाही. आता मला हिला घाई नाही करता येत. मध्येच बंद केली तर आणखी बिघडेल."

आणि नेमकी तेव्हाच बाहेरची वीज परत आली. जनरेटरने आपल्या पद्धतीने सगळं पुन्हा बाहेरच्या लाइनवर सोपवलं, आणि लाइन लगेच परत गेली. दिवे विझले. पेटीचाही. अंधारात पाण्यावर माशांचे सपकारे ऐकू येत होते. जनरेटर पुन्हा धरला तेव्हा पेटी उठली, आणि डिस्क तपासायला पहिल्या ओळीपासून लागली.

ओडमुंडने एक घाणेरडी शिवी दिली आणि शेडकडे पळाला, मुख्य खटका जनरेटरवरच बांधून टाकायला.

सिग्रुनच्या दुसऱ्या हातात अजून मीटरची वायर होती. करण्यासारखं काहीच नव्हतं. नुसतं बसवेना, म्हणून तिने ती वायर लॅपटॉपच्या दुसऱ्या खाचेत जोडली. निदान पाण्यातल्या ऑक्सिजनचा आकडा तरी दिसेल, एवढाच विचार होता. स्क्रीनवर दुसरी खिडकी उघडली आणि तिच्यात ओळी पडायला लागल्या, सेकंदाला एक. टाकी एक, अमुक. टाकी दोन, तमुक. कुणी विचारो न विचारो, मीटर बोलतच होता. लावल्या दिवसापासून तो असाच बोलत आला होता.

तिने दोन्ही खिडक्यांकडे आळीपाळीने बघितलं.

बूट लोडर या वायरीवर कान देऊन बसतो, कारण तसं त्याला तिनेच सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी, त्याच्या सेटिंगमध्ये एक ओळ घालून. तेव्हा या खाचेला एक छोटा मोडेम लावलेला होता आणि तिला घरी बसून पेटीचं बोलणं दिसायला हवं होतं. मीटर तेव्हा शेजारच्या खाचेत होता. ती खाच खाऱ्या हवेने गंजली, म्हणून जूनमध्ये ओडमुंडने मोडेम काढून मीटर इथे लावला. वीज आली की पेटी उठायची, बूट लोडर पाच सेकंद कान द्यायचा, आणि त्या पाच सेकंदांत मीटर पाच ओळी बोलायचा. बूट लोडरला वाटायचं, माणूस आलाय. सिग्रुन बघायला बसायची तेव्हा मीटरची वायर काढूनच बसायची, म्हणून सगळं गप्प असायचं आणि पेटी बिनबोभाट उठायची.

हे सगळं तिला एका दमात कळलं. कळून काही उपयोग नव्हता. डिस्कची तपासणी चालली होती.

ओडमुंड आणि तुरिड जुन्या हॉलमधून ऑक्सिजनची नळी ओढत आले. रबरी, जाड, जड नळी. दोघांनी ती दारातून आत घेतली, पहिल्या टाकीच्या कठड्यावर टाकली आणि पुढे ओढली. दुसऱ्या टाकीपासून बरीच अलीकडे ती ताणून संपली.

"जोडायला तुकडा आहे का एखादा?" तुरिडने विचारलं.

"उन्हाळ्यात कापून बागेला लावला आपण," ओडमुंड म्हणाला.

मग तुरिड कठडा चढून कपड्यांसकट पहिल्या टाकीत उतरली. पाणी तिच्या छातीपर्यंत आलं. ओडमुंडने तिच्या हातात नळीचं तोंड दिलं आणि ती ते खाली धरून टाकीभर सावकाश चालू लागली. मासे तिच्या अंगावर आपटत होते. ओडमुंडने पंप उचलून दुसऱ्या टाकीत नेला आणि फळी घेऊन पाणी बदडायला लागला. पाण्यात हवा मिसळावी म्हणून माणूस शेवटी जे करतो ते.

"सिग्रुन, आकडे दिसतात ना तुला? सांग," तुरिड ओरडली.

"एक नंबर, पाच. थांबलाय. चढतोय जरासा."

"आणि दोन?"

"चार. खाली जातोय."

ओडमुंड जोरात बदडायला लागला. पाणी त्याच्या तोंडावर उडत होतं. सिग्रुन उठून त्याच्या मदतीला गेली, एक बादली घेऊन पाणी उचलून वरून ओतायला लागली. मग लॅपटॉपकडे धावत आली, कारण तपासणीने मध्येच काही विचारलं तर हो म्हणायला कुणीतरी हवं होतं. तपासणीने विचारलं. तिने हो म्हटलं. ती परत बादलीकडे गेली.

"आता किती?" तुरिड.

"एक नंबर सहा."

"दोन सांग."

"तीन."

दुसऱ्या टाकीत मासे पाण्याच्या पृष्ठभागावर तोंडं उघडून दाटले होते. हजारो तोंडं, एकाच वेळी उघडमीट करणारी. काही आडवे झाले, त्यांची पांढरी पोटं दिसायला लागली. ओडमुंड बदडत राहिला.

"दोन नंबर..." सिग्रुन म्हणाली.

"पुरे," ओडमुंड म्हणाला. "मला दिसतंय."

पेटी उठली तेव्हा नेहमीसारखीच उठली, काहीच न झाल्यासारखी. सिग्रुनने आपली वायर काढून मीटरची लावली, आणि दोन्ही टाक्यांचे व्हॉल्व एकदम उघडले. दुसऱ्या टाकीत बुडबुड्यांचा पांढरा पडदा उठला. त्याच्यावर मासे नुसते हलत होते, पाणी हलवेल तसे. ओडमुंडच्या हातात फळी तशीच होती. थोड्या वेळाने त्याने ती भिंतीला टेकवली आणि बायकोला वर ओढून घ्यायला गेला. तुरिडचे ओठ निळे पडले होते. पहिल्या टाकीतले मासे तिच्या मागे हळूहळू खाली जात होते.

तुरिड कोरडे कपडे घालून आली तरी सिग्रुन पेटीसमोर खाली बसलेलीच होती. तिने दोघांना कारण सांगितलं, जसं होतं तसं. मीटर काय बोलत होता, पेटी काय समजत होती. ओडमुंडने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ती ओळ कुणी घातली होती?"

"मी."

"आणि मीटर इथे मी लावला." त्याने दाढीवरून हात फिरवला. "तुला फोन केला होता मी तेव्हा. विचारलं होतं, लावू का म्हणून."

"केला होतास. मी चालेल म्हणाले होते."

"तेव्हा लक्षात नाही आलं तुझ्या?"

"नाही. शाळेच्या छपरावर होते मी तेव्हा. चालेल म्हटलं आणि फोन ठेवला."

ओडमुंड यावर रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता मान हलवत राहिला. जसं काही ती दुसऱ्याच कुणाबद्दल सांगत होती.

"आता काय करणार?" तुरिडने विचारलं.

"ओळ काढून टाकणार. मग ती मीटरचं ऐकणार नाही. उठताना कुणाचंच ऐकणार नाही, सरळ उठेल."

"मग इतका वेळ कशाला बसलीस? काढ की."

"काढल्यावर मलाही तिचं उठताना काही ऐकू येणार नाही. उद्या दुसऱ्याच कशाने अडकली, तर मी इथे वायर घेऊन येईन आणि वायरीवर काहीच नसेल. आज निदान कळलं."

"आज कळून काय झालं?" तुरिड म्हणाली. तिने हे टोचून म्हटलं नव्हतं. तिला खरंच विचारायचं होतं. सिग्रुन लॅपटॉपकडे वळली. तिने ओळ काढली.

मग त्यांनी तपासून बघितलं. मीटर जागेवर लावलेला, लॅपटॉप दूर. सिग्रुनने पेटी रीतसर बंद केली आणि ओडमुंडने प्लग काढून परत लावला. हिरवा दिवा लागला. तिघं उभे राहिले. आत काय चाललंय, हे कळायला काही साधन नव्हतं. बराच वेळ गेल्यासारखा वाटला. मग व्हॉल्वमधून फुसफुस सुरू झाली. ओडमुंडने तेच आणखी दोनदा केलं. दोन्ही वेळा पेटी उठली.

"झालं," तो म्हणाला, आणि जाळी आणायला गेला.

मेलेले मासे पाण्यात ठेवता येत नाहीत, पाणी नासतं. त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी तिघांनी ते जाळीने काढले, ढकलगाडीतून मागच्या अंगणात नेले आणि दळून, कुजू नयेत म्हणून, आम्लाच्या टाकीत सोडले. सिग्रुनला या कामाची सवय नव्हती. तिचे खांदे दुखून आले, चष्म्यावर खवले चिकटले. मधूनच एखादा मासा जाळीत तडफडायचा. मग ती तो उचलून धावत पहिल्या टाकीत नेऊन सोडायची. तुरिडने तिला दोनतीनदा तसं करू दिलं.

"सोड गं," मग ती म्हणाली. "ते जगत नाहीत. कल्ले निकामी झालेत त्यांचे."

"हा हलतोय."

"हलतोय. संध्याकाळपर्यंत हलेल."

सिग्रुन तो मासा हातात धरून उभी राहिली. वीतभर लांब, पाठीवर चंदेरी झाक धरलेला. वसंतात समुद्रात गेला असता. तिने ओडमुंडकडे बघितलं. तो पाठमोरा होता, जाळीतलं पाणी निथळायची वाट बघत. तिने मासा ढकलगाडीत ठेवला, इतरांच्या वर, आणि गाडी अंगणाकडे ढकलायला लागली.